पॉलिश केलेलं अंगण

कळंब्यातले आमचे शेजारी रोज भेटूनही मला ‘पावणं’च म्हणत. गुडघे आखडलेल्या आपल्या आईला पायऱ्या न उतरता बागेत जाता यावं, म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून सागवानी फळ्यांचा ऐसपैस ओटा करवून घेतला. पॉलिशवर डाग नको म्हणून मांजरालासुद्धा हाकलत. पण म्हातारी उंबऱ्यातच अडली.

“एवढ्या गुळगुळीत पाटावर पाय देत्यात व्हय रं? पाट बसायला असतोय.”

शेजारी बागेत उतरले. केळीच्या आळ्यातल्या चिखलात दोन्ही पाय बुडवून ते नव्या फळ्यांवर खुशाल येरझाऱ्या घालू लागले.

“आता झालं की अंगण. चल, आये.”

“पार वाट लावलीस की लाकडाची,” असं पुटपुटत, त्यांच्या खांद्याला धरून म्हातारी मोगऱ्यापर्यंत चालत गेली.