देखाव्यातली तिरडी

आमच्या पलूसकडच्या गावांना सामाजिक प्रश्न फार आवडतात. गणपतीत प्रत्येक मंडळाचा जिवंत देखावा असतो. त्यात हुंडा असतो, दारू असते, झाडं तोडणारा दुष्ट माणूस असतो. फक्त हुंडा दुसऱ्या गावातला हवा आणि दुष्ट माणूस ओळखीचा नको. तालुक्याहून परीक्षक येतात, माना डोलावतात, ढाल देतात. ढाल मंडळाच्या खोलीत, प्रश्न जागच्या जागी. हे लिहिताना मला अजून राग येतो. येऊ दे.

त्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे माझा सख्खा चुलतभाऊ, घरी आला. साताऱ्याला शिकताना मी मोर्चात फिरले, पत्रकं लिहिली, हे त्याच्या कानावर होतं.

"आगं, तू लिवतीस न्हवं? यंदा आसा इषय काड, परीक्षक रडलं पायजेत."

"गावातलाच काढू?"

"काड की. आपल्याला कुनाचं भ्या हाय?"

काढला. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला दलित वस्ती आहे. तिची स्मशानभूमी ओढ्यापलीकडे. जुनी वाट बांधाच्या कडेने फरशीपुलापर्यंत जायची, बैलगाडी जाईल एवढी रुंद. दरवर्षी उसाची एकेक सरी पुढे सरकली आणि वाट संपली. ऊस कोणाचा? आमच्याच भावकीचा. मग पावसाळ्यात वस्तीत कोणी गेलं की तिरडी ओढ्याच्या पाण्यातून न्यायची.

वस्तीतल्या एका मावशीच्या सासूला असंच नेलं होतं. "म्हातारीचं पाय पान्यात लोंबत हुतं," ती सांगायची. "आता सासऱ्यानं आंथरून धरलंय. त्यो बी आसाच जायाचा का?" एवढाच तिचा सवाल. तो मी देखाव्यात घातला आणि विचारायला तिलाच उभं केलं. वस्तीतली बाई मंडळाच्या स्टेजवर! आधी कुजबुज झाली. मग भाऊच म्हणाला, "आसू दे, खरी बाई आसली की नंबर लागतो." खरी बाई. जशी खरी बैलजोडी, खरं कारंजं.

देखाव्यात स्टेजवर कोणी बोलत नाही. आवाज आधीच सांगलीला स्टुडिओत भरून आणतात, स्टेजवर त्याबरोबर ओठ हलवायचे. शाळेच्या व्हरांड्यात तालमी झाल्या तेव्हा मावशीला हसू आवरेना. "आवाज माजाच आन् त्येच्या मागं पळायचं बी मीच!"

"मावशी, हिरॉईन झालासा की," पोरं चिडवायची.

"व्हय रं, पन हिरो तेवढा बरा बगा. तुमच्यातला नगं."

पहिले काही दिवस देखावा लिहिला तसाच झाला. बांबूची तिरडी, निळ्या कापडाचा ओढा, आणि शेवटी मावशीचा आवाज: "आमच्या मेलेल्याला वाट कवा मिळनार?" पडदा. टाळ्या पडत नव्हत्या, हे मला फार आवडलं होतं. भावकीला नाही आवडलं. गावाची अब्रू वेशीला टांगली म्हणून भावाला घरी बोलावून झापलं.

परीक्षक आले त्या संध्याकाळी मी पडद्याची दोरी धरून उभी होते. सवाल झाला. मी दोरी ओढणार, तोच आवाज पुढे चालू. जाडाभरडा पुरुषी आवाज: गावाने मोठ्या मनाने वाट मोकळी करून दिली. मागे सनई. आणि मग कुण्या भलत्याच बाईचा गोड, शहरी आवाज, मावशीच्या नावावर: "गावानं मला पदरात घेतलं, मी धन्य झाले!"

आम्हाला न विचारता भावाने शेवट बदलून आणला होता.

मावशीने तोंड मिटलं. आवाज धन्य होत राहिला, ती तिरडीवर हात ठेवून तशीच उभी. गर्दीतून कोणी ओरडलं, "ए, आवाज माग-फुडं झालाय!" भाऊ विंगेतून दात-ओठ खात, "मावशी, ओठ हालवा! ओठ!" तिने एकदा त्याच्याकडे बघितलं. हलवले नाहीत.

दुसरा नंबर मिळाला. परीक्षकांनी माईकवर सांगितलं, विषय उत्तम, ओठांचा मेळ तेवढा कमी पडला.

"तिच्या हट्टापायी पैला गेला," भाऊ धुमसत होता.

"दादा, वाट दिली असं गावभर ऐकवलंस. दिलीस का?"

"आगं, त्यो देखावा हुता!"

हे तो मला समजावून सांगत होता. मी लहान आहे, मला कळत नाही, अशा आवाजात. मोर्चात लाठ्या उगारलेल्या बघितल्या, तेव्हाही माझं डोकं इतकं फिरलं नव्हतं.

गणपती गेले. मावशी दारात आली. "बाय, ती तिरडी कुटं टाकलीया?"

मंडळाच्या खोलीमागे पडली होती. बाजाराच्या दिवशी वस्तीतल्या बायांनी ती रिकामी तिरडी खांद्यावर घेतली आणि जिथे वाटेचं तोंड होतं तिथे, उसासमोर, येऊन उभ्या राहिल्या. लाईट नाही, सनई नाही. मावशीने तोच सवाल स्वतःच्या घशाने विचारला. बाजाराला निघालेल्या गाड्या थांबल्या. थोड्या वेळाने भाऊही मोटरसायकलवर आला.

"आवं मावशी, हे काय लावलंय? कोन गेलं?"

"कोन न्हाई. तालीम हाय," मावशी म्हणाली. "सासरा आजून जिता हाय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. भावाने गाडी बंद केली नाही, पण पुढेही नेता येईना. रस्त्यात माणसं होती.

तेव्हापासून दर बाजाराला तालीम असते. म्हातारा अजून आहे. ऊसही आहे, डोक्याच्या वर गेलाय. परवा मावशी म्हणाली, तिरडीचा एक बांबू हालतोय, नवा घालू का? मी म्हटलं, तुम्ही कशाला? वस्तू मंडळाची आहे. सांगते दादाला.