बिनवावराचा माणूस

तो परदेशातून आमच्या तालुक्यात आला तेव्हा मी शिरपूरच्या पंचायत समितीत नोकरीला होतो. इंग्रजी जरा बरं असल्यामुळे त्याला सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात पोहोचवायचं, लोकांशी ओळख करून द्यायची आणि अधूनमधून पाहून यायचं, एवढं काम माझ्याकडे आलं. त्याच्या घरी बटाट्याची शेती होती. दोन वर्षं इथं राहून, शेतकऱ्यांबरोबर राबून त्यांना उपयोगी पडायचं, असं ठरवून तो एका स्वयंसेवी संस्थेतर्फे आला होता.

गावानं त्याला राबू दिलं नाही. रोज एका घरून जेवणाचं बोलावणं यायचं. भाकरी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. शेणाची पाटी उचलायला वाकला की कुणीतरी धावत यायचं, "ठेव ते, भाऊ. पाव्हना शेस तू." महिन्याभरानं मी गेलो तर तो ओट्यावर बसलेला. नाशकाला शिकलेल्या स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाला, "मी इथे जेवायला आलो नाही." दिवाळीआधी त्याच्या संस्थेचे साहेब येणार होते. त्याच्या हाताला काम दिसलं नाही तर त्याला परत नेणार होते.

त्याला मी धीर दिला, पण काय करावं ते मला सुचत नव्हतं. शेवटी गावातल्या एका आबांना विचारलं. आबा शेतातून नुकतेच आले होते, पाय धूत होते.

"आम्हना गावमा सावड शे," ते म्हणाले. "आज तू मन्हा वावरमा, उद्या मी तुन्हा वावरमा. याले वावरच नहीं. यानी आम्हनं काम कयं तर मंग आम्ही फेडानं कोठे?"

ओट्यावरच्या बायका हसल्या. त्यातल्या एकटीनं शेती करणाऱ्या विधवा अक्का म्हणाल्या, "याले बायको करी द्या, वावर हुंडामा भेटी जाई!"

ते ऐकून मीही हसलो. पण गाव त्याला दूर ठेवत नव्हतं, त्याचं ऋण डोक्यावर घ्यायला घाबरत होतं, हे मला तेव्हा कळलं. मी आबांच्या मागे लागलो. आबांनी नाल्याकाठचा आपल्या शेताचा एक तुकडा त्याला वर्षभर कसायला दिला. त्यात त्यानं भुईमूग पेरला. पेरणीच्या दिवशी त्याची मान उन्हानं लाल झाली होती आणि तो विनाकारण शिट्टी वाजवत होता.

निंदणीची वेळ आली. त्यानं बाजारातून नवी खुरपी आणली, तिला स्वतः धार लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मी त्याच्यासोबत शेतावर गेलो, तर शेत साफ झालेलं. पंधरा-वीस बायाबापड्या बांधावर बसून तंबाखू मळत होत्या.

"बठ्ठं व्हयी गयं, भाऊ!"

तो खुरपी हातात घेऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. मला कुठं पाहावं कळेना. बायकांना वाटलं, आनंदानं भरून आलं असेल. मग अक्का त्याच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "रडस काय? आते तू फेड. बठ्ठासना वावरमा जा. मन्हाकडे मातर शेंगा उपटाले ये. तवय माले मानूस भेटत नहीं."

मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं, "सगळ्यांच्या शेतात? मी?"

त्यानंतरचे काही आठवडे तो खरा त्या गावात राहिला. बायकांच्या ओळीत गुडघ्यावर बसून निंदायचा. गवतासोबत चवळीची रोपं उपटली की "भाऊ, तुम्हना देशमा गवत खातस का?" म्हणून त्याची टर उडायची. ओट्यावर कुणी बोलावणं घेऊन येईना. दुपारी शेतातच, ज्याचं शेत त्याची भाकरी. पाणी उकळून प्यायची त्याला सवय होती, बाटली बरोबर असायची. एका दुपारी मी तिथं होतो. ती रिकामी झालेली. एका म्हातारीनं नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातलं पाणी तांब्यात भरून पुढं केलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. म्हातारीसमोर मला 'नको' म्हणवलं नाही. तो प्यायला. पुढे त्याला कावीळ झाली. ती त्याच पाण्यानं झाली की नाही, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. पण माझं मन इतक्या वर्षांनंतरही त्या तांब्यापाशी अडखळतं.

त्याला जीपनं धुळ्याला नेलं. सरकारी दवाखान्यात तो पिवळाजर्द होऊन पडला होता. मी उशाशी बसलो की एकेक बोट दुमडत कुणाकुणाच्या घरचं फेडून झालं ते सांगायचा. शेवटी एकच बोट उरायचं. "अक्का राहिल्या. त्यांना सांगा, मी येतो." मी "हो" म्हणायचो. संस्थेचे साहेब आले, ते त्याला घेऊन जायलाच. गाडीत बसतानाही त्यानं तेच सांगितलं.

शेंगा उपटायच्या दिवशी मी रजा काढून गावात गेलो. अक्कांच्या शेतात चारच माणसं होती. मला पाहून त्या उभ्या राहिल्या.

"तो उना का?"

मी मान हलवली. तो मायदेशी गेला, त्याच्या जागी मी आलोय, असं सांगितलं. चप्पल काढली, बाह्या दुमडल्या आणि ओळीत बसून दोन्ही हातांनी एक झाड ओढलं. देठ तुटून हातात आला, शेंगा जमिनीतच राहिल्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

अक्कांनी माझ्या हातातला तो देठ काढून घेतला. "सायेब, तुम्ही सावलीमा बसा. चहा ठेवस मी."

"अक्का, त्याची सावड आहे. ती मी फेडतो."

"तुम्हनं वावर कोठे शे?" त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

माझे वडील धुळ्याला कारकून होते. आम्ही भाड्याच्या खोलीत वाढलो. मी उठून बाभळीखाली जाऊन बसलो. एवढी कमी माणसं असताना अक्का काम सोडून माझ्यासाठी तीन दगडांची चूल मांडायला लागल्या, आणि त्यांची ओळ तेवढी मागं पडत गेली.