टोपणातले तीस ग्राम

सुनेला सातवा महिना लागला तेव्हा इथं छत्तीसगडात, दुर्गच्या दवाखान्यात तिचं रक्त कमी निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि कागदावर खाणं लिहून दिलं. रोज काळे मनुके तीस ग्राम, खारीक तीस ग्राम. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून हे काम मी कोणावर सोडलं नाही.

घरी तराजू नाही. मी चौथीपर्यंत शिकले, आकडे वाचता येतात. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला प्लास्टिकचं टोपण असतं, त्यावर पाच आणि दहाच्या रेघा असतात. दहाच्या रेघेपर्यंत तीनदा भरलं की तीस झाले, असं मी धरलं. खारकेचे बारीक तुकडे करून टोपणानं मोजायचे. महिनाभर एक दिवस चुकवला नाही.

महिन्यानं पुन्हा तपासलं. रक्ताचा आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सब खा रही हो न?"

"सासूमाँ नापकर देती हैं, उतना खाती हूँ," सून म्हणाली. एवढंच. पण बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझं मापच चुकतंय का, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी टोपण, मनुके, खारीक पिशवीत घालून किराणा दुकानात गेले. गर्दी कमी होईपर्यंत बाजूला उभी राहिले. इकडे आईला दाई म्हणतात; शेवटी दुकानदारानंच तशी हाक मारली, "का तौलना हे दाई? सोना लाए हस का?" दोन बायका हसल्या.

तीन टोपणं मनुके काट्यावर ओतले. अठरा. खारीक, पंधरा. काटा बिघडला असेल म्हटलं, तर त्यानं पन्नासचं वजन ठेवून दाखवलं. बरोबर पन्नास.

"ए दवई के नाप आय दाई. मेवा के बीच म तो हवा भरे रहिथे."

महिनाभर मी तिला निम्मी हवा खाऊ घातली होती.

परत घरी निघाले. काही न सांगता उद्यापासून वाढवून द्यावं, असंही मनात आलं. पण मग आधी कमी का दिलं, हे ती विचारणारच. सासूनं पोटुशी सुनेच्या तोंडचं काढलं, ही गोष्ट आमच्या लोकांत कोणी विसरत नाही. आणि पोटातल्या जिवाचं काही झालं तर?

दुपारी तिच्यापुढे टोपण ठेवलं आणि सांगितलं. माझा आवाज इतका बारीक झाला की तिला विचारावं लागलं, "काय म्हणून राहिल्या आई?"

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले वाटे, तुमी हात आखडून देऊन राहिल्या. मायले फोनवर सांगूनबी टाकलं मी."

"मंग मले इचारलं कावून नाही?"

"तुमाले? तुमी तर नजर वर करत नाही. मले वाटे, रागातच राहता."

तिनं तिथंच आईला फोन लावला. "माय, मापच चुकलं होतं वं." पलीकडचं मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती म्हणाली, "पंधरा दिवसानं तपासणी हाय. डॉक्टरीणबाईले हे तुमीच सांगा."

आता दुकानदार तीस-तीसच्या पुड्या बांधून देतो. आज नववा दिवस. दुपारी ती झोपली की मी तिच्या नखांचा रंग बघते. कधी गुलाबी वाटतो, कधी नाही.