आठ गाण्यांवरचे माझे मत

फाल्गुनात परभणीहून पाथरीकडे निघालेल्या सकाळच्या एसटीत माझ्या खिडकीची काच जेमतेम चार बोटे उघडते, आणि तेवढ्या फटीतून शिजणाऱ्या हळदीचा वास आत येतो. ओलसर, मातकट, किंचित कडवट, नाकातून थेट घशात उतरणारा. पेडगाव मागे पडले की शेताच्या कडेने वाफेचे लोट दिसू लागतात आणि कोवळ्या उन्हात ते क्षणभर केशरी होऊन विरतात. एकवीस वर्षे मी या रस्त्याने पाथरीच्या शाळेत मराठी शिकवायला जाते आहे, आणि या सव्वा तासात एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रम न मोडता ऐकायचा, हा माझा नेम आहे. आधी वॉकमन होता, आता फोन आहे. साधने सुधारत गेली आणि माझी चिडचिड वाढत गेली.

कारण अल्बम हा कुणीतरी विचारपूर्वक लावलेला क्रम असतो, हे आता कुणाला मान्यच नाही. फोन स्वतःच्या मर्जीने गाणी पिसतो. एका वयोवृद्ध गवयाच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण माझ्या अतिशय आवडीचे. सकाळचा राग, इतका संथ की पहिली दहा मिनिटे जणू कुणी अंधाऱ्या खोलीतल्या वस्तू हाताने चाचपून ओळखत आहे. जुन्या कॅसेटवर बाजू संपली की तो विलंबित ख्याल मध्येच बुडायचा, तेव्हाही मी चडफडायचे. आता तो सलग मिळतो, पण कोमल रिषभावर स्वर स्थिरावतो न स्थिरावतो तोच सिमेंटची जाहिरात ओरडते, आणि कुणा अज्ञात संपादकाने सुरुवातीचे तंबोरे कापून टाकलेले असतात. जणू देवळात शिरताना पायऱ्याच काढून घेतल्या.

गझलांच्या बाबतीत माझे मत याहून कठोर आहे. आमचे वडील निजामाच्या अमलातल्या शाळेत उर्दू शिकलेले; ते म्हणत, "लफ्ज ऐक, वाजंत्री सोड." त्यामुळे ज्या अल्बममध्ये प्रत्येक शेरानंतर व्हायोलिनांचा पाक ओतलेला असतो, तो मला तिसऱ्या गाण्याच्या पुढे सहन होत नाही. कव्वालीचे तेच. उरुसात मंडपाच्या कडेला उभे राहून ऐकलेल्या टाळ्यांत माणसांचे तळवे ऐकू यायचे, लाल झालेले, थकलेले. स्टुडिओतल्या टाळ्या एकाच माणसाच्या, सोळा वेळा चिकटवलेल्या वाटतात. बासरीत सिंथेसायझर मिसळून 'शांतता' विकणारे अल्बम तर केवळ दातांच्या दवाखान्यासाठी काढलेले असावेत. या सगळ्यांत, भाषा निम्मीच कळूनही, मला निःशंकपणे आवडलेला अल्बम एका अमेरिकन गायिकेचा आहे. सोबत फक्त पियानो, आणि तिचा शब्द तालाच्या किंचित मागून येतो, दिवसभराचे काम आटोपून घरी परतणाऱ्या बाईसारखा. तिच्या आवाजाला एक खर आहे. ती खर मला खरी वाटते. आवाजात खर नसेल तर माझा विश्वासच बसत नाही.

ही मते मी माझ्यापुरती ठेवली असती तर बरे झाले असते. पण मी ती शिक्षकांच्या खोलीत बोलते, नातेवाइकांना ऐकवते, कुणी आवडीने गाणे लावले की त्यातला दोष आधी दाखवते. शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका एकदा डबा उघडता उघडता म्हणाल्या, "मॅडम, तुमी गाणं ऐकत न्हाई, तपासताव." सगळे हसले. मीही हसले, आणि दिवसभर धुमसत राहिले.

माझा थोरला भाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, पूर्णेला राहतो. रेल्वेत फिटर होता, आता निवृत्त आहे. पण पूर्णेत आणि आसपासच्या गावांत त्याला ओळखतात ते भीमगीते गाणारा म्हणून. ड्यूटी संपली की तेलकट हात धुऊन तो ढोलकीवाल्या किसनभाऊंबरोबर निघायचा, आणि जयंतीच्या दिवसांत तर घरी फक्त आंघोळीपुरता यायचा. त्याचा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले. वर चढताना तो टोकाशी चिरायचा, आणि त्या चिरेतून जे काही बाहेर यायचे त्याने माझ्या अंगावर काटा यायचा. माझ्या कानांना खरेपणाची जी काही पारख आहे ती मुळात त्या आवाजाने घडवलेली आहे.

याच फाल्गुनात त्याचा फोन आला. "झालं बघ एकदाचं. आठ गाणी हायेत. परभणीच्या स्टुडिओत केलंय. जयंतीच्या आधी विहारात लोकांपुढं आणायचंय. तू नीट ऐक अन् काय वाटतं ते सांग. लपवू नको."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी ती आठ गाणी क्रमाने ऐकली. मानवतपर्यंत मला वाटत होते की फाइल चुकीची आली आहे. आवाज दादाचाच, पण त्यातली चीर गेलेली. प्रत्येक सूर आखीव, प्रत्येक वळण गुळगुळीत, धुऊन कडक इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखे. मागे ढोलकी होती, तालात काटेकोर, पण थाप जिथे भरायला हवी तिथे पोकळ. माझ्या मनात संताप दाटत गेला. बाहेरची हळदीची वाफही त्या दिवशी मला गुदमरवणारी वाटली. पाथरीच्या स्थानकात उतरल्याउतरल्या, एका पाणपोईच्या आडोशाला उभी राहून, मी सात मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला. "दादा, हा तू नाहीस," अशी त्याची सुरुवात होती. मग एकेका गाण्याचा समाचार होता. आणि शेवटी मी म्हटले होते, "ढोलकी यंत्राची लावलीस ते तरी कशाला? माणसाचा हात इतका निर्जीव पडत नाही. किसनभाऊंना विचारायचंस तरी."

उत्तर आले नाही. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. त्या कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. "ताई, तुमी काय बोललाव ते? यायनी सगळ्याला बोलावून घेतलं होतं. म्हणले, बहिणीचं मत आलंय, तिला गाण्यातलं लय कळतं, बसा, सगळेच ऐकू. अन् फोन मोठ्या आवाजात लावला."

मी विचारले, कोण कोण होते.

"सगळेच की. किसनभाऊ समोरच बसले होते. ढोलकी त्यायनीच वाजवलीय ताई. दिवाळीत त्यायला अर्धांगाचा झटका आला होता, तुमाला माहीत न्हाई का? तीन म्हैने रबराचा गोळा दाबून दाबून हात चालता केला, या गाण्यांसाठी." मग त्या म्हणाल्या, "पोहे केले होते मी. कुणीच खाल्ले न्हाईत."

मला खरेच माहीत नव्हते. पण माहीत नसणे ही किती हलकी सबब आहे, हे मला ती मनातल्या मनात उच्चारतानाच कळले. अकरा दिवस दादा माझा फोन उचलत नव्हता. त्या दिवसांत मी बसमध्ये कानाला काही लावले नाही. वह्या तपासताना लाल पेन हातात घेतले की तो निर्जीव हात आठवायचा. 'निर्जीव' हा माझा शब्द, नेमका, नीट निवडलेला. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की नेमका शब्द शोधा.

बाराव्या दिवशी रविवार होता. सकाळच्या गाडीने पूर्णेला गेले. रुळांपलीकडच्या वस्तीत दादाचे घर आहे. दारापुढे कडुनिंब, नुकता मोहरलेला, त्याची बारीक पांढरी फुले ओट्यावर सांडलेली. ओट्यावर दादा होता आणि त्याच्या शेजारी किसनभाऊ. मी चपला काढून तिथेच उभी राहिले. पाठ करून आणलेली वाक्ये गाडीतच कुठेतरी राहून गेली होती.

"किसनभाऊ, माझी चूक झाली," एवढेच म्हणाले.

त्यांनी डावा हात मांडीवरून उचलून उजव्या हातात घेतला, एखादे दुखावलेले पाखरू धरावे तसा. "चूक कसली ताई. डाव्यात जोर न्हाई राहिला, ते खरंच हाय. पर तुमी म्हणलाव मशिनीवानी वाजलंय." त्यांचा चेहरा एका बाजूने हसला. "म्हंजी ताल तर चुकला न्हाई ना कुटं? मला रातंदिवस त्याचीच भीती होती. डॉक्टर म्हणले होते, पुन्हा वाजवायचं विसरा."

ते मला सावरून घेत होते की खरोखर त्यांनी ते तसे ऐकले होते, हे मला आजही ठरवता आलेले नाही. त्यांच्या डोळ्यांत कसलीही खोच नव्हती. थोड्या वेळाने ते उठले आणि पाय ओढत, पण ठेक्यात, घराकडे गेले.

दादा मात्र कडुनिंबाकडे पाहत बसला होता. वहिनींनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. शेवटी मीच म्हणाले, "ढोलकीचं मी चुकले. पण तुझ्या आवाजाचं काय केलंस दादा? तो का धुऊन टाकलास?"

"स्टुडिओवाल्या पोरानं न्हाई केलं ते. मीच सांगितलं त्याला."

"का?"

तो माझ्याकडे वळला. "तीस-पस्तीस वर्षं मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून गायलो. कर्णा फाटका, अन् जनरेटरचा आवाज माझ्याहून मोठा. लोक म्हणायचे आवाजात धार हाय. धार कशाची बाई, वरडून वरडून घसा सोलला होता. घरी आलं की पाणी गिळू वाटायचं न्हाई. तुला तो सोललेला घसा आवडतो. आवडू दे. पर मला वाटलं, एकदा तरी आपलाबी आवाज साफ यावा, रेडिओवरल्या माणसावानी. त्यात काय वाईट केलं मी?"

ज्या चिरेने माझ्या अंगावर काटा यायचा ती त्याची दुखापत होती. तिच्यावर मी माझ्या रसिकतेचे सारे घर बांधले होते. त्या अमेरिकन गायिकेलाही कुणी विचारले असेल का, की तुझ्या आवाजातली खर तुला हवी होती का? पण तरीही, हेही लिहिलेच पाहिजे, तो अल्बम मला आवडला नव्हता तो नव्हताच. पश्चात्तापाने माणूस नरम होतो, कान होत नाहीत. मी त्याच्यासाठी खोटे बोलायला तयार होते, आणि त्याला ते ताबडतोब कळले असते.

"पुन्हा ऐकव," मी म्हणाले. "इथे, माझ्यासमोर."

तो आत जाऊन छोटा स्पीकर घेऊन आला आणि ओट्यावर आमच्या दोघांमध्ये ठेवला. पहिले गाणे, दुसरे, तिसरे. प्रत्येक गाण्याआधी तो सांगत होता, इथे चाल मी बदलली, इथे किसनभाऊ रडला, मग दहा मिनिटं थांबलो. मी ऐकत होते. सूर तसेच गुळगुळीत होते. पण त्या गुळगुळीतपणाकडे तो स्वतः कसा पाहतो आहे, हे पाहत ऐकताना मला त्यात एक निराळेच सुख दिसू लागले, नवा सदरा घालून आरशासमोर क्षणभर जास्त उभे राहणाऱ्या माणसाचे. त्याचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. डोळे अर्धवट मिटलेले होते.

सहावे गाणे आमच्या आईवरचे. ती स्टेशनच्या बांधकामावर खडी वाहायची, तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर त्याने ते रचले आहे. शेवटच्या कडव्याआधी वाद्ये क्षणभर थांबतात, आणि त्या थांबण्यात, बसच्या घरघरीत मला जे ऐकूच आले नव्हते ते, मी ऐकले. श्वास. छातीतून खरवडत वर आलेला, म्हाताऱ्या फिटरचा, दमलेला, धुवायचा राहून गेलेला श्वास. एवढासा. त्यानंतर लगेच पुन्हा तो स्वच्छ, इस्त्रीचा आवाज.

माझ्या तोंडून हुंकार निघून गेला असावा. दादाने डोळे उघडले. "काय? काय सापडलं?"

जयंतीला अजून तीन आठवडे होते. परभणीचा स्टुडिओ फोनच्या अंतरावर होता. त्याने माझ्याकडे पाहिले ते रागाने नाही, तर एकवीस वर्षे तपासनीस असलेल्या माझ्या कानांवर असलेल्या पूर्ण विश्वासाने. मी म्हणेन ती चूक तो दुरुस्त करून आणणार होता.

"काही नाही," मी म्हणाले. "सातवं लाव."