कळशीतले चार मासे

मला सातवा महिना लागला तेव्हा सासूबाई सांगलीला आल्या त्या कल्हई केलेली पितळी कळशी घेऊन. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावाहून एसटीनं येताना त्यांनी ती मांडीवरून खाली ठेवली नव्हती. कळशीत गावच्या विहिरीचं पाणी आणि त्यात बोटभर लांबीचे चार मासे. बरंचसं पाणी कंडक्टरच्या विजारीवर सांडलं होतं, आणि चूक अर्थातच कंडक्टरची होती.

त्यांच्या माहेरची रीत अशी, की नवी विहीर खणली की आधी तिच्यात मासे सोडायचे. ते आठ दिवस जगले की मग माणसांनी पाणी प्यायचं. माझी आई नव्हती, म्हणून माझं पहिलं बाळंतपण त्याच करणार होत्या. नातवंडाचं पाणी पारखल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं. अंगणातला हौद मी सकाळीच नळाच्या पाण्यानं भरला होता, त्यात त्यांनी चारही मासे सोडले.

पावसाळ्याचे दिवस होते. कृष्णा गढूळ झाली की नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर सढळ हातानं पडायची. पेला तोंडाशी नेला की आधी नाकालाच कळायचं. दुपारपर्यंत दोन मासे उताणे झाले. उरलेले दोन वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. मी ते चहाच्या गाळणीनं उचलून पुन्हा कळशीत टाकले.

"ज्या पाण्यात मासा जगत न्हाई, त्ये माझ्या नातवंडाला पाजू व्हय?" असं म्हणून सासूबाई पिशवी भरायला लागल्या.

"आगं, पल्टनीत आमी असलंच पाणी पीत हुतो," त्यांच्याबरोबर आलेले सासरे म्हणाले. ते फौजेतले निवृत्त हवालदार.

"म्हणून तर डोक्यावर एक केस राह्यला न्हाई."

मी शाळेत विज्ञान शिकवायची. मी समजावलं, की पावडरीनं पटकीचे जंतू मरतात. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, म्हणून ते पाणी त्याला थेट भाजतं, आपलं पोट ते पचवतं. पावडर पाण्यातल्या कुजक्या पाल्याशी मिसळून आणखी काही पदार्थ तयार होतात, ते उन्हानं सगळे जात नाहीत आणि नदीतल्या, समुद्रातल्या जीवांना भोवतात, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. म्हणजे सासूबाई अगदीच चुकल्या नव्हत्या. पण त्या दिवशी मी मेले तरी ते कबूल केलं नसतं.

खरं तर मला एकटीनं बाळंत व्हायची भयंकर भीती वाटत होती. ते सांगायचं सोडून मी दोन दिवसांची मुदत मागितली. रुंद तोंडाच्या माठात नळाचं पाणी भरून उघड्यावर ठेवलं. दोन दिवसांत उन्हानं वास उडाला की मासे सोडू, ते जगले की तुम्ही राहायचं. त्या कबूल झाल्या, पण भरलेली पिशवी दाराशीच राहिली. मी आभाळाकडं बघत ऊन मागत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी माठात वाकले, तर वास कालच्यापेक्षा जास्त.

"सकाळी चिमूटभर पावडर टाकलीया," सासरे अभिमानानं म्हणाले. "मासं सोडायचं म्हंजे पाणी सोच्छ पायजे."

माझा तोल गेला. "मामंजी, तुम्हाला कुणी विचारलं होतं? ही काय छावणी आहे? जरा कशाला हात लावू नका म्हटलं की ऐकायचं नाही का तुम्हाला?"

आमच्या घरात त्यांच्यापुढं कुणी आवाज चढवत नसे. ते सावधानमध्ये उभे राहिले. मी तोंडावर हात ठेवला, पण शब्द निघून गेले होते. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. आता या निघाल्याच, असं मला वाटलं.

त्या हसत होत्या. डोळ्यांना पदर लावून हसत होत्या.

"तीस वर्सं झाली, ह्ये मला बोलायचं हुतं," त्या म्हणाल्या. त्यांनी दाराशी ठेवलेली पिशवी उचलली, आत नेली आणि लुगडी एकेक करून दांडीवर टाकली.

माठ मी पुन्हा भरला. या वेळी सासरे त्याच्यापासून चार हात लांब राहिले. वास गेल्यावर दोन्ही मासे सोडले आणि आठव्या दिवशीही ते मजेत फिरत होते. मी हाक मारली. सासूबाई बाळासाठी दुपटं शिवत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"जगलं न्हवं? बरं झालं," त्या म्हणाल्या. "हिकडं ये, सुईत दोरा ओवून दे."