कौसाबाईंचं नाक

"मसाला डोळ्यानं नाही, नाकानं भाजावा लागते वं," असं कौसाबाई सुनेला सांगायच्या. नागपूरच्या महाल भागात चाळीस वर्षं त्या सावजी मसाला डोळे मिटूनच भाजत आल्या.

त्या दिवशी सून मिनलनं सीताबर्डीतल्या एका कॅफेसाठी केजन हा अमेरिकन मसाला तयार केला: तिखट, लसूण पावडर, मिरपूड, ओरेगॅनो. तो भाजत नाहीत. पण ती फोन घ्यायला गेली आणि कौसाबाईंनी सवयीनं सगळा कढईत ओतला.

खोकत मिनल धावत आली. कढईत कोळसा झाला होता. कौसाबाई डोळे मिटून हलवतच होत्या. मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अजून वास काहून नाही सुटला वं?"

मिनल थिजली. "आई, जळला ना! तुम्हाले वास येत नाही?"

कौसाबाईंनी डोळे उघडले. हिंगाची डबी उघडून हुंगली, पुन्हा हुंगली. मग डबी ठेवून त्या बाहेर निघून गेल्या.