दुपट्ट्याखालचं भाडं

परवा गिरडला जायला निघालो आणि वर्ध्यातच अडकलो. गिरडला तसं काम काहीच नव्हतं... टेकडीवरचा दर्गा बघायचा राहिला होता, एवढंच. नालवाडीहून सकाळी निघालो, तर वाटेत एका विहिरीवर नवं इंजिन बसवत होते. ते बघत बसलो आणि गिरडला जाणारी मोटर चुकली.

मग सरकीच्या ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, गोदामापुढे ओळखीचे महादेवभाऊ भेटले. त्यांचा स्वतःचा ट्रक आहे, चालवतातही स्वतःच. मिलिटरीच्या लिलावातली जुनी गाडी... बाजूच्या फळ्या केव्हाच गेल्या, मागे नुसता सपाट पाट. म्हणाले, "गिरडची ढेप भेटली त बस मांगं. नाई भेटली त पैदल जाजो."

म्हणजे माझं गिरड त्यांच्या भाड्यावर येऊन टेकलं. थांबलो.

बिडी ओढता ओढता त्यांनी धंदा समजावला. जाताना गाडी भरलेली, येताना बहुतेक रिकामी, पेट्रोल मात्र दोन्हीकडचं. वर टायर आहेतच. भाडं कमी धरलं की परतीचं पेट्रोल घरातून घालायचं... मागच्या हंगामात तसंच झालं. यंदाही झालं तर गाडी विकून दुसऱ्याची चालवावी लागेल, असं ते अगदी हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले.

तेवढ्यात गोदामाचा दलाल आला. इथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांनी हातात हात द्यायचा, वर दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं धरून पोत्यामागे किती आणे ते सांगायचं. भोवतीच्यांना कळू नये म्हणून. जो तोंडाने भाव फोडतो, त्याला पुढे कोणी माल देत नाही.

महादेवभाऊंचा दुपट्टा बराच वेळ हलत होता. चेहरे दोघांचेही कोरडे. मी एका शेळीकडे बघत होतो, ती मागून पोत्याला तोंड लावत होती... तर दलालाचा आवाज आला, "बंडीवाले याच्या अर्ध्यात नेऊन राह्यले भाऊ. तुले काऊन जास्त देऊ?"

दुपट्टा थांबला. बैलबंडीला ना पेट्रोल ना टायर, नेतही असतील अर्ध्यात. खरं-खोटं करायचं कसं? बंडीवाल्यांना तोंडाने भाव विचारायची तर सोय नाही.

समोरच म्हातारे लटारीबुवा बैलांना वैरण टाकत होते. गेल्या आठवड्यात याच गोदामाची ढेप त्यांच्याच बंडीतून गिरडला गेली होती. ट्रक आल्यापासून बुवांना माल कमी मिळतो, हे मला ठाऊक होतं. वाटलं, आता हे मान फिरवणार.

बुवा उठले. हात धोतराला पुसला. दलालाचा हात बाजूला सारून महादेवभाऊंचा हात आपल्या हातात घेतला आणि त्यावर तोच दुपट्टा नीट पसरला. जरा वेळच. मग पुन्हा बैलांकडे गेले.

"बुवा, तुमच्या बंडीचा भाव फोडला तुमी," दलाल म्हणाला.

"म्या तोंड उघडलं काय? हात देल्ला. तुह्या गोदामात हात द्याले बी मनाई हाय काय?"

आसपासचे हसले. दलालही हसला थोडा, करतो काय... हात परत दुपट्ट्याखाली गेले आणि या वेळी लवकर बाहेर आले. हमाल पोती चढवू लागले.

निघताना महादेवभाऊंनी विचारलं, "बुवा, माह्यापायी तुमचा माल जाते. मंग मले काऊन सांगतलं?"

"तुहा भाव पडला का उद्या थो दलाल मले तुहाच भाव दाखवते. मंग माहे बैल काय खातीन?" बुवा म्हणाले. "जाय आता. अन वाटंत बंड्या दिसल्या त भोंगा वाजवू नको, बैल बिचकते."

पुढे खरंच बंड्यांची रांग लागली. महादेवभाऊ भोंगा न वाजवता मागे मागे चालले, रस्ता रुंद होईपर्यंत. मी पोत्यांवर बसून बैलांच्या घंटा ऐकत होतो.

गिरडला माल उतरला तेव्हा विचारलं, किती ठरलं? महादेवभाऊंनी माझा हात धरला, वर दुपट्टा टाकला आणि बोटं दाबली. मी मोजली... पण इथे लिहीत नाही. मला ते हाताने सांगितलंय.

परतीचं पेट्रोल निघालं आणि वर उरलंही, एवढं मात्र लिहितो. लटारीबुवांचे आभार. दर्गा राहिला तो राहिलाच... माल उतरताच गाडी रिकामी परत निघाली, तिच्यातच बसून आलो.